जड काम आणि पाळणाघर



‘जड कामात बायका टिकत नाहीत’ हे चाकणच्या कारखानदारीविषयीच्या पत्रातील विधान वस्तुस्थितीला धरून नाही. 1974 मध्ये टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) जाहिरातीत स्त्रियांना अर्ज करण्याची मनाई होती. सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला व नोकरी मिळवली. त्याच कंपनीच्या पुण्यातील कारखान्यात आता हॅरिअर व सफारी मोटारींची जोडणी स्त्रिया करतात. नट आवळण्याचे बळही हल्ली मनगटाचे नसते, ठरावीक पीळ बसताच थांबणाऱ्या यांत्रिक पान्याचे असते. खरी अडचण रात्रपाळीची बस आणि पाळणाघर यांची आहे. 1948 च्या कारखाना अधिनियमाने पाळणाघराची सक्ती तीसहून अधिक स्त्री-कामगारांवर बेतली होती, त्यामुळे त्याचा खर्च स्त्रियांच्याच भरतीला चिकटला. सुटे भाग बनवणाऱ्या शेजारशेजारच्या लहान कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवावे आणि वेल्डर, फिटर मुलींना शिकाऊ म्हणून निःशंकपणे घ्यावे.

— एक वाचक, निगडी