विकतचे पुण्य

न्यूझीलंडच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवरील चॅटम बेटांखेरीज जगात कोठेही न आढळणाऱ्या काळ्या रॉबिन या चिमुकल्या गायक पक्ष्याची संख्या १९८० साली अवघ्या पाचांवर आली होती. त्यांत वंश वाढवू शकणारी मादी एकच. डॉन मर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांकडून उबवून घेतली, आणि आज त्या जातीचे दोनशेहून अधिक पक्षी हयात आहेत. जे एकाच भूमीत आहे ते तेथून गेले म्हणजे जगातूनच गेले, याची जाणीव त्या लहानशा राष्ट्राने ठेवली.

आपल्या पदरीही अशीच एक ठेव आहे. हिरवी मुनिया मूळची केवळ भारताची. पाठ हिरवी, पोट पिवळे, कुशीवर काळे-पांढरे पट्टे आणि चोच लाल. अबूच्या पहाडापासून महाराष्ट्र व लगतच्या तेलुगू मुलखापर्यंत तिचा वावर. परंतु तो सलग नसून बेटांसारखा विखुरलेला आहे. तिच्या कुळाला इंग्रजीत ‘अवदावत’ म्हणतात. हा शब्द अहमदाबादचा अपभ्रंश होय, कारण हे पक्षी पिंजऱ्यांत भरून तेथून परदेशी जात. व्यापाराचा डाग असा नावालाच चिकटलेला आहे.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारास पूर्ण बंदीही आहे. तरीही पिंजरे रिकामे झालेले नाहीत. कारण गिऱ्हाईक आहे. त्यात हौसेने पाळणारे जसे आहेत, तसेच पर्वकाळी पक्षी विकत घेऊन सोडणारे भाविकही आहेत. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु एक पक्षी सोडण्यासाठी मोजलेला पैसा पारध्याच्या हाती पडतो आणि दुसऱ्या दहांसाठी जाळे पसरले जाते. हे पुण्य नव्हे, पापाला दिलेली विसार आहे.

पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद. गवताळ माळ दोहोंकडे ‘पडीक’ म्हणून नांगराखाली वा इमारतींखाली जातात. पाखरांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. म्हणून दोन्ही राज्यांच्या वनखात्यांनी अशा माळांची राखण एकविचाराने करावयास हवी.

सागरकिनारी राहणाऱ्या आपणांस मात्र तेथवर जाण्याचे कारण नाही. बाजारातील पिंजऱ्यासमोरून खिशात हात न घालता पुढे जावे, एवढेच आम्ही वाचकांस सुचवितो. खरी भूतदया तीच.