वेलांटी डावीकडेच राहिली

फरीदाबादच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या मराठी मुलाच्या हाती नवा लॅपटॉप येतो, तेव्हा त्याच्या कळांवर फक्त इंग्रजी अक्षरं असतात. सेटिंगमध्ये जाऊन तो मराठी कीबोर्ड जोडतो, विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबून भाषा बदलतो आणि शिफ्ट धरून एन दाबतो. पडद्यावर 'ळ' उमटतो. शेजारच्या हिंदीभाषक सहकाऱ्याने इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला असेल, तर त्याच्याकडेही 'ळ' त्याच कळीवर सापडतो. प्रमाण हिंदीला हे अक्षर लागत नाही, तरी ते तिथे आहे. त्यामागे बराच जुना वाद आहे.

१८७४ साली रेमिंग्टनने बाजारात आणलेला टाइपरायटर इंग्रजीच्या मापाने बेतलेला होता. पुढे देवनागरी त्यात कोंबायची वेळ आली, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस कळांत काने, मात्रा, जोडाक्षरं बसेनात. अर्धा 'क' एका कळीवर, त्याचं शेपूट दुसरीवर. 'किती' टंकायचं तर आधी वेलांटी, मग 'क'. छापखान्यातही खिळ्यांची अडचण होतीच. सावरकरांनी सुचवलेली 'अ'ची बाराखडी त्यातूनच आली आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ती वापरलीही. १९४८ मध्ये काकासाहेब कालेलकरांच्या समितीकडे टाइपरायटरचा प्रश्न गेला. १९५३ मध्ये लखनौत भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने तर पहिली वेलांटीच उचलून उजवीकडे न्यायचं ठरवलं. दुसरीहून वेगळी दिसावी म्हणून तिचा दांडा फक्त आखूड ठेवायचा. लोकांच्या डोळ्यांना हे रुचलं नाही. १९५७ मध्ये उत्तर प्रदेशने हा बदल मागे घेतला.

वाद सुटला तो संगणकामुळे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्टचा आराखडा आणला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. ही मांडणी उच्चारावर उभी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या. 'क' आणि 'ख' एकाच कळीवर. 'कि' लिहिताना बोलतो त्याच क्रमाने आधी 'क' दाबायचा, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवण्याचं काम यंत्राचं. ब्राह्मीतून आलेल्या भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच, म्हणून मराठीचा 'ळ' हिंदीवाल्याच्या लॅपटॉपवरही आला. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरकही जपला गेला, कारण त्या 'ऱ'ला शिफ्टसह जे ही स्वतःची जागा मिळाली.

आता तोच प्रश्न माइकच्या रूपाने पुन्हा दारात आला आहे. २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून लिहायची सोय दिली. लॅपटॉपवर ती चालवायची तर साउंड सेटिंगमध्ये 'इनपुट' म्हणून योग्य माइक निवडलेला आहे ना, हे आधी पाहावं लागतं. हेडफोन जोडला की पुष्कळदा निवड आपोआप बदलते आणि आपण बंद कानांशी बोलत बसतो. एवढं जुळलं की खरी परीक्षा सुरू होते. हरियाणवी माणूस 'बाळक' म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी स्पष्ट 'ळ' असतो, पण प्रमाण हिंदीत तो लिहिला जात नाही. फक्त प्रमाण हिंदीवर पोसलेलं यंत्र तिथे 'ल'च लिहील. वऱ्हाडी आणि अहिराणी बोलणाऱ्यांपुढेही हेच ताट वाढून ठेवलेलं आहे.

यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. सरकारी कार्यालयांनी आणि बँकांनी लॅपटॉप घेताना कळांवर कोरलेली देवनागरी मागावी. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'सारख्या खुल्या संग्रहात मराठी आहे. तिथे निरनिराळ्या जिल्ह्यांतले आवाज जायला हवेत, आणि ते काम महाविद्यालयांना सहज जमण्यासारखं आहे.

१९५३ साली वेलांटी हलवायला निघालेले लोक विद्वानच होते. त्यांनी यंत्र पक्कं धरलं आणि लिपीला वाकायला सांगितलं. त्यानंतर तेहतीस वर्षांनी यंत्रासाठी वेगळी मांडणी आली आणि वेलांटी जागची हलली नाही. माइकसमोर बसलेल्या माणसाला 'जरा नीट बोला' असं सांगण्याआधी एवढं आठवावं.