रद्दीत निघालेली रायफल

समजा, बंगळूरच्या जे. पी. नगरमधले एक मराठी घर आहे. निवृत्त आजोबांच्या कपाटात जुन्या अमेरिकी मासिकांचे गठ्ठे रचलेले आहेत. 'अमेरिकन रायफलमन', 1955 साली सुरू झालेले 'गन्स', 1958 पासूनचे 'गन्स अँड अ‍ॅमो'. अ‍ॅव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून एकेक अंक शोधून आणलेला. दिवाळीची साफसफाई निघते आणि सूनबाई नवऱ्याला म्हणतात, "अहो, हे रद्दीत घालू या का? घरात शाळेत जाणारी मुलं आणि कपाटभर बंदुकांची चित्रं!"

आजोबांना हे लागते. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, बेळगावला शिकून तयार झालेले. घरात त्यांचा एक पिवळा पडलेला फोटो आहे. त्यांच्या खांद्यावर जी रायफल आहे, तिचीच चित्रे या अंकांत आहेत.

सूनबाईंची काळजी खोटी नाही आणि आजोबांचा जिव्हाळाही खोटा नाही. म्हणून या अंकांत असते तरी काय, हे एकदा पाहायला हवे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अनेक देशांच्या कोठारांत लाखो रायफली पडून होत्या. व्यापाऱ्यांनी त्या घाऊक भावात उचलल्या आणि अमेरिकेत मासिकांतून जाहिराती देऊन विकल्या. कूपन भरावे, पैसे पाठवावेत, रायफल टपालाने घरी यावी, असा तो व्यवहार होता. फेब्रुवारी 1963 च्या 'अमेरिकन रायफलमन'मध्ये शिकागोच्या एका दुकानाची अशीच जाहिरात होती. त्यातले कूपन मार्चमध्ये ली हार्वे ऑस्वाल्डने खोट्या नावाने भरले. दुर्बिणीसह इटालियन रायफल 19.95 डॉलरला आणि टपालखर्च दीड डॉलर. 22 नोव्हेंबर 1963 रोजी त्याच रायफलीने अध्यक्ष केनेडी यांचा बळी घेतला. पुढे 1968 च्या कायद्याने टपालाने बंदुका विकण्याला तिथे आळा बसला.

म्हणजे आपण उलटून टाकतो ते जाहिरातीचे पानच इतिहासाचा पुरावा ठरते. लेख पुढे पुस्तकांत येतात. भाव मात्र त्या जाहिरातीतच राहतो.

या पानांत आपला देशही भेटतो. कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात .303 रायफली तयार होत. 1960 च्या दशकात तिथेच त्याच बांधणीची, पण 7.62 मिलिमीटर काडतुसाची रायफल निघाली. जुनीत दहा काडतुसे मावत, हिच्यात बारा. पुढे याही रायफली जुना लष्करी माल म्हणून अमेरिकेच्या बाजारात पोहोचल्या. आपल्याकडे 'थ्री नॉट थ्री' पोलिसांच्या हाती दीर्घकाळ राहिली. 2008 च्या मुंबई हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित बंदुकांसमोर आपल्या पोलिसांकडे हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला 26 जानेवारी 2020 च्या संचलनात निरोप दिला.

भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यामुळे लष्करी बनावटीची रायफल सामान्य नागरिकाला हौसेखातर घरी ठेवता येत नाही. ते योग्यच आहे. कागद जमवायला मात्र कोणाची आडकाठी नाही. एक पथ्य पाळावे: अशा गठ्ठ्यात किंवा वाडवडिलांच्या ट्रंकेत कधी जिवंत काडतूस निघाले, तर ते आठवण म्हणून ठेवू नये, मुलांच्या हाती देऊ नये, हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे.

अंक टिकवायचे तर ते भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नयेत. पावसाळ्यात ओल धरते आणि कसर लागते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडून कागद खाते. गंजलेल्या पिना अलगद काढाव्यात. वर्षवार लावून वहीत यादी करावी.

ही यादी आजोबांनी एकट्याने करू नये. नातवाने लिहावे, आजोबांनी सांगावे. ऑस्वाल्डच्या कूपनाची गोष्ट त्याने त्यांच्याच तोंडून ऐकली, तर बंदुकीचे आकर्षण वाढण्याऐवजी तिची किंमत त्याला कळेल. सूनबाईंनीही शेजारी बसावे. पणजोबांचा फोटो त्याच वहीत पहिल्या पानावर लावता येईल.

रद्दीवाल्याचा काटा फक्त वजन सांगतो. कोणता अंक का जपला, हे सांगणारा माणूस घरात आहे तोवर विचारून घ्यावे. नंतर ठेवायचे की द्यायचे, हे सगळ्यांनी मिळून ठरवावे.