इंद्रवेल्लीची थकबाकी

आदिवासी बाई तपासणीला आली नाही की सरकारी अहवालात कारण ठरलेले असते: जागृतीचा अभाव. मग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे फलक लागतात, शिबिर भरते, फोटो निघतात, गाडी परत जाते. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीत गोंड, कोलाम, परधान आणि मराठी कुटुंबे शेजारी नांदतात. तिथे तर लाजेवर आणि अंधश्रद्धेवर खापर फोडणे आणखी सोपे.

खेड्यातली बाई तपासणीला येत नाही, हे धाराशिवने केव्हाच खोटे ठरवले आहे. एकेकाळी आदिलाबादसारखाच निजामाच्या राज्यातला हा जिल्हा. तो उस्मानाबाद होता तेव्हा, १९९९ पासून, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. ज्यांना तपासणीला बोलावले त्यांतल्या बहुतेक आल्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गटासाठी आयुष्यात एकदाच, हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी ठेवली होती, त्यात आठ वर्षांत ३४ जणी या रोगाने दगावल्या. चाचणीविना ठेवलेल्या, संख्येने थोड्या लहानच असलेल्या गटात ६४. (त्या दुसऱ्या गटाला तसे ठेवावे का, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.) २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच चाचणी पहिल्या पसंतीची ठरवली. आपल्याकडे मात्र २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोघीही नव्हत्या. पुरावा गरीब मराठी बायकांनी दिला, वापर दुसऱ्यांनी केला.

दुसरी आठवण खम्मम जिल्ह्याची, म्हणजे आजच्या तेलंगणातलीच. २००९ मध्ये एका प्रकल्पात तिथल्या मुलींना एचपीव्ही लस टोचली गेली. त्यांत वसतिगृहांतल्या आदिवासी मुली बऱ्याच होत्या आणि अनेकींच्या संमतीवर सही आईबापांची नव्हे, वॉर्डनची होती. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो प्रकल्प थांबला. मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, पण संसदीय समितीने २०१३ मध्ये संमतीच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली आहे, ती मिळायलाच हवी. पण आईला न विचारता टोचलेली सुई पुढच्या दहा चांगल्या सुयांची वाट अडवते. आणि इंद्रवेल्ली तर २० एप्रिल १९८१ विसरलेली नाही. जमिनीचे गाऱ्हाणे मांडायला जमलेल्या गोंडांवर त्या दिवशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांचा सरकारी आकडा १३, लोकांचा त्याहून कितीतरी मोठा. अशा गावात सरकारी गाडीकडे कोणी संशयाने पाहिले, तर त्याला अज्ञान म्हणायचे?

करायचे काय, हे गूढ नाही. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः, आपल्या घरात, आडोशाला घेऊ शकते. परपुरुषापुढे टेबलावर झोपावे लागत नाही. समजावणारी आशाताई गोंडी किंवा कोलामी बोलणारी हवी. दोष निघाला तर कर्करोगाआधीची बिघडलेली जागा जाळून टाकण्याचा छोटा उपचार जवळच, उटनूरला व्हायला हवा. नाहीतर हैदराबादचे मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय सुमारे तीनशे किलोमीटरवर. कापूस वेचणीचा रोज बुडवून, सोबतीला माणूस घेऊन, तिथल्या चकरा मारणार कोण? उपचाराची सोय न करता नुसती चाचणी करणे म्हणजे बाईला भीती तेवढी देणे.

दरवर्षी पौष अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या काळापासून तिथे दरबार होतो, अधिकारी येतात, गाऱ्हाणी ऐकतात. पुढच्या दरबारात त्यांनी आधी आपला हिशोब द्यावा: मंडलातल्या किती जणींची चाचणी झाली, किती जणींत दोष निघाला, आणि त्यांतल्या किती जणींचा उपचार पुरा झाला. गोंडीत वाचावा, मराठीतही वाचावा.