पदवी हाती, पण ग्रंथालयाचे दार बंद

छत्रपती संभाजीनगर : 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' या योजनेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची तरतूद असून, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली होत आहेत. मात्र लाभ संस्थेत असेपर्यंतच. मराठवाडा विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण या कक्षेत येत नाही.

त्याच्यासाठी उरतो तो मुक्त स्रोतांचा आधार. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'चे 'शोधगंगा' हे भांडार लाखो प्रबंध विनामूल्य देते. त्यात याच विद्यापीठातील संशोधनही आहे. 'डीओएजे' ही २००३ पासूनची सूची मुक्त नियतकालिकांची वाट दाखवते, तर खरगपूर आयआयटीचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय पुस्तकांपर्यंत नेते.

मराठवाड्यात दुष्काळ, कापूस, स्थलांतर यांवर घरबसल्या अभ्यास करू पाहणाऱ्यास हे पुरेसे नसले, तरी मोलाचे आहे. प्रश्न माहितीचा आहे. पदवी प्रमाणपत्रासोबत या दारांचे पत्तेही विद्यार्थ्यांच्या हाती देणे विद्यापीठाला अशक्य नाही. करदात्यांच्या पैशातून झालेले संशोधन करदात्याच्या मुलालाच वाचता येऊ नये, हे न्याय्य कसे?