अपघातातून वाचला, वॉर्डात दगावला

"पेशंट फारच सिरियस होता हो." अपघातातला माणूस भरती झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गेला की नातेवाईकांना हेच वाक्य ऐकायला मिळतं. ते ऐकून तुम्ही गप्प बसता. पोस्टमॉर्टेम, पोलीस पंचनामा, गाडीची सोय, यातच दिवस जातो. बऱ्याच वेळा ते वाक्य खरं असतं. पण किती वेळा खरं असतं, हे आपल्या देशात मोजून पाहिलेलं आहे, आणि ते आकडे तुम्हाला माहीत असावेत असं मला वाटतं.

मुंबईचे सर्जन डॉ. नोबोजित रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातल्या मोठ्या शहरांतली पाच सरकारी शिकवणारी हॉस्पिटल्स, दीड वर्षाचा काळ, मार लागून भरती झालेले 11,671 पेशंट. त्यातले 2,523 जण तीस दिवसांच्या आत गेले. ज्या मृत्यूंची पुरेशी माहिती होती असे 2,057 मृत्यू तज्ज्ञांनी एकेक करून तपासले. निष्कर्ष असा की 58 टक्के मृत्यू टाळता आले असते.

ज्यांना सर्वांत कमी मार होता, त्या गटात टाळता येण्यासारखे मृत्यू सर्वांत जास्त निघाले, 71 टक्के! हे उलटं वाटतं, पण विचार केला तर पटतं. ज्याचा मेंदूच चिरडला गेलाय त्याला कुणीही वाचवू शकत नाही. किरकोळ मार लागलेला माणूस गेला, तर मधे काहीतरी राहून गेलेलं असतं.

काय राहून जातं? दोन गोष्टी सर्वांत ठळक दिसल्या, श्वासाचा मार्ग मोकळा न राखणं आणि रक्तस्राव वेळेत न थांबवणं. दोन्ही अगदी प्राथमिक गोष्टी आहेत.

डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला माणूस उताणा झोपवला की त्याची जीभ मागे पडते, तोंडातलं रक्त आणि उलटी श्वासनलिकेत उतरते. मेंदूला आधीच मार लागलेला, त्यात प्राणवायू कमी. जबडा पुढे उचलणं, सक्शन करणं, मान सांभाळून कुशीवर वळवणं, गरज पडली तर नळी टाकणं, हे सिटी स्कॅनच्या आधी व्हायला हवं. प्रत्यक्षात नातेवाईकही आधी विचारतात, "स्कॅन कधी होणार?"

रक्तस्रावाचं दुखणं जास्त फसवं आहे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. मांडीचं एक हाड मोडलं तरी लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकतं, बाहेर थेंबही दिसत नाही. तरुण माणसाचं शरीर इतकं भरपाई करतं की साधारण तीस टक्के रक्त जाईपर्यंत बीपी ठीक दिसू शकतं. आधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, माणूस बेचैन होतो, पाणी मागतो. "बीपी नॉर्मल आहे, सकाळी बघू" हे वाक्य म्हणून धोक्याचं. आणि नुसत्या सलाईनच्या बाटल्या चढवत राहिलं तर उरलेलं रक्त पातळ होतं, गोठायचं थांबतं. गेलेल्या रक्ताला रक्तच लागतं.

आता हे यवतमाळला लावून बघा. सोळा तालुके. एका टोकाला वणी, दुसऱ्या टोकाला उमरखेड. दोन्हीकडून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या आसपास. पांढरकवड्यावरून 44 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो, रात्रंदिवस ट्रक. उमरखेडचा पेशंट नांदेडला नेतात, इकडचा सेवाग्राम नाहीतर नागपूरला. म्हणजे पहिले दोन-तीन तास गाडीतच जातात. ट्रानेक्झामिक ॲसिड नावाचं एक स्वस्त इंजेक्शन आहे. 2010 साली चाळीस देशांतल्या वीस हजारांवर जखमींवर झालेल्या चाचणीत त्यानं मृत्यू कमी केले, पण तीन तासांच्या आत दिलं तरच. नंतर दिलं तर उपयोग नाही, उलट अपाय दिसला. म्हणजे ते इंजेक्शन यवतमाळात नव्हे, ग्रामीण रुग्णालयातच मिळालं पाहिजे. पेशंट "रेफर" करण्याआधी श्वास मोकळा, दिसणारं रक्त दाबून बंद, मोडलेल्या हाडाला स्प्लिंट, इंजेक्शन दिल्याची वेळ चिठ्ठीवर आणि पुढच्या हॉस्पिटलला फोन, एवढं झालंच पाहिजे. यासाठी न्यूरोसर्जन लागत नाही. वर सांगितलेल्या पाच हॉस्पिटलांत तर स्पेशालिस्ट होते, मशिनं होती. तरी 58 टक्के. म्हणून "इथे सोयी नाहीत" हे उत्तर मला अर्धवट वाटतं.

माझं स्पष्ट मत असं आहे. बाळंतपणात बाई दगावली तर आपल्याकडे तिच्या मृत्यूचं अन्वेषण होतं. कुठे उशीर झाला, गाडी कधी आली, रक्त मिळालं का, हे कागदावर येतं आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीपर्यंत जातं. अपघातात गेलेल्या पंचवीस वर्षांच्या पोरासाठी हे का नको? दर महिन्याला जिल्ह्यातल्या अशा प्रत्येक मृत्यूची फाईल उघडा, सरकारी आणि खाजगी दोन्हीकडची.

डॉक्टर मंडळींना यात भीती आहे आणि ती खोटी नाही. लिहिलेला कागद कोर्टात जाईल, वॉर्डात तोडफोड होईल. म्हणून अशा चौकशीत नावं नकोत, पोलीस नकोत, फक्त वेळा आणि घटना हव्यात. माता मृत्यूच्या अन्वेषणातही दोषी शोधणं हा हेतू नसतो.

तोवर तुमच्या हातात काय आहे? 108 ला फोन करा आणि अपघाताची वेळ लिहून ठेवा. जखमीला पाणी पाजू नका, दोन हातापायांना धरून उचलू नका, वाहत्या जखमेवर स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा. पोलिसांच्या भानगडीची भीती वाटत असेल तर मोटार वाहन कायद्याचं 134 अ हे कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. वॉर्डात असाल तर आवाज न चढवता विचारा: नाडी दर किती वेळानं बघताय? लघवी किती झाली? रक्त मागवलंय का? आणि "नागपूरला हलवा" असा हट्ट धरण्याआधी आणखी एक प्रश्न: हा प्रवास सहन करण्याइतका तो स्थिर आहे का, आणि सोबत गाडीत कोण बसणार आहे?