गोधडी आणि मशीनचा फूट

सासूबाईंच्या पश्चात त्यांच्या कपाटातून सहा सुती साड्या निघाल्या. नेसण्याजोग्या त्या उरल्या नव्हत्या. परंतु वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्यांना जो मऊपणा आला होता, तो नव्या कापडाला दाम मोजूनही मिळत नाही. आमचे दुकान कापडाचे, त्यामुळे घरी तुकड्यांना तोटा नव्हता. वर तुकड्यांची चौकट, आत व अस्तराला साड्यांचे थर, अशी नातवासाठी गोधडी करण्याचा बेत ठरला. सासूबाई हाताने धावदोरा घालीत. माझ्या हाताला ती सवय नाही, म्हणून मी शिलाईचे मशीन उघडले.

तीन ओळींतच काम फसले. शिवण टोकाला पोहोचली तेव्हा वरचे कापड इंचभर फुगून राहिले होते आणि अस्तरावर चुण्या पडल्या होत्या. उसवू लागले, तर विरत चाललेल्या सुतात सुईची भोके तशीच दिसू लागली. दुसरी साडी आणता आली असती, पण सासूबाईंची साडी पुन्हा मिळणार नव्हती. तेव्हा पुढची ओळ घालण्यापूर्वी कारण शोधणे भाग पडले.

कारण साधे आहे. मशीनच्या पट्टीतून वर येणारे दाते केवळ सर्वांत खालच्या थराला पुढे सारतात. वरून फूट मात्र कापड दाबून धरतो. झंपर शिवताना हा फरक जाणवत नाही. गोधडीत थर अनेक आणि मऊ असतात. खालचा थर दात्यांबरोबर जातो, वरचा फुटाखाली अडखळून मागे राहतो. हाताने शिवणारी बाई एक तळवा खाली आणि बोटे वर ठेवून सगळे थर एकत्र धरते. साध्या फुटाला ते साधत नाही.

हे काम करणारा फूट ‘वॉकिंग फूट’ या नावाने मिळतो. तो नेहमीच्या फुटाहून बराच मोठा असतो आणि त्याची दांडी सुई पकडणाऱ्या स्क्रूवर बसते. सुईच्या वरखाली हालचालीबरोबर त्याचे स्वतःचे दाते वरच्या थराला खालच्या थराच्याच चालीने पुढे नेतात. टाका 3 ते 3.5 मिलिमीटरचा ठेवावा, मशीन सावकाश चालवावे आणि या फुटाने उलटी शिवण घालू नये. थर आधी चार-चार इंचांवर सेफ्टी पिनांनी अडकवावेत आणि शिवण मध्यापासून कडांकडे न्यावी, म्हणजे राहिलेली सैल बाहेर निघून जाते. फुटासोबत येणारी वाकडी सळई मागच्या ओळीवर धरली की पुढची ओळ समांतर येते.

दुसरा फूट तुकडे जोडण्याचा. त्याच्या कडेपासून सुई बरोबर पाव इंचावर पडते. पाव इंचाचे एवढे कौतुक कशाला, असे वाटेल. पण हिशेब करून पाहावा. एका रांगेत 12 तुकडे, म्हणजे 11 जोड. प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांचा केवळ सोळावा हिस्सा इंच जादा दबला, तर एका जोडामागे एक अष्टमांश इंच जातो. अकरा जोडांत ही तूट जवळजवळ दीड इंच होते, आणि शेजारच्या दोन रांगा एकमेकींशी जुळत नाहीत. काट्याला रोज थोडा फरक राहिला तर वर्षाअखेरीस काय होते, हे व्यापाऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही.

तिसरा ‘डार्निंग फूट’. त्याच्या टोकाला लहान कडे असते आणि तो सुईबरोबर उचलला जातो. येथे दाते खाली उतरवायचे आणि कापड आपल्या हातांनी फिरवायचे. त्यामुळे कोयरी, पाने, वेली असे वळणाचे नक्षीकाम करता येते. पुष्कळ जुन्या काळ्या मशीनांत दाते उतरवण्याची सोय नसते; तेथे दात्यांवर झाकणपट्टी बसवावी किंवा टाक्याचे माप शून्यावर आणावे. टाका लहान की मोठा, हे आता मशीन ठरवीत नाही, हाताची गती ठरवते. म्हणून आधी चिंध्यांवर हात बसवावा, मगच जपून ठेवलेल्या वस्त्राला सुई लावावी.

तिन्ही फूट एकदम घेण्याची गरज नाही. गोधडी सरळ ओळींची असेल तर पहिला पुरतो. खरेदीला जाताना आपल्या मशीनचा जुना फूट काढून सोबत न्यावा. फूट ज्या दांडीला बसतो तिची उंची सर्व मशीनांत सारखी नसते, आणि न बसणारा फूट स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो.

आमची गोधडी महिनाभरात पुरी झाली. चुण्या एकही नाहीत. अस्तराच्या एका कडेला मात्र त्या उसवलेल्या तीन ओळींची भोके आहेत. दोन धुण्यांत सूत आवळून ती बरीच मिटली, अगदी नाहीशी झाली नाहीत. ती कड कापून टाकावी, असे एकदा मनात आले होते. पण त्या कडेलाच सासूबाईंच्या साडीचा काठ आहे, म्हणून राहू दिली.